कोथरूडचा डीजे लोणी काळभोरला जातो

लोक लडाखला जातात, केरळला जातात. मी गेल्या रविवारी सकाळी कोथरूडहून लोणी काळभोरला गेलो. निघताना बायकोला, माधवीला सांगितलं, "मित्राच्या शेतावर हुरडा आहे." हुरड्याचा हंगाम कधीच संपला होता. ती शांतपणे म्हणाली, "असं का? मग हेडफोन कशाला घेतलाय, कणसं ऐकायला?"

खरं कारण मत्सर. मी डीजे आहे. वाढदिवस, साखरपुडे, सोसायट्यांची स्नेहसंमेलनं वाजवतो. माझी खासियत फंक आणि ब्रेकबीट. फंकमध्ये बेस गिटार पोटात गुदगुल्या करतं. ब्रेकबीटचा ताल चालता चालता ठेच लागल्यासारखा अडखळतो, पण पडत नाही. या प्रकारची नवी गाणी शुक्रवारी इंटरनेटवर निघतात आणि शनिवारी माझ्याकडे असतात. आख्ख्या पुण्यात पहिली माझ्याकडे, असा माझा समज होता.

तर पुढच्या महिन्यात माझ्या सख्ख्या मेहुणीचं, निशाचं रिसेप्शन. संगीत माझं, हे मी गृहीत धरलं होतं. निशा म्हणाली, "भाऊजी, तुम्ही पाहुणे म्हणून या ना. लोणीच्या दीपाताईंना सांगू म्हणतेय. त्याही फंकच लावतात, आणि लोक नाचतात." त्या "आणि"ने माझी झोप उडाली. रविवारी संध्याकाळी ती नक्की करणार होती. त्याच दिवशी दीपाताई लोणीत एका हळदीला वाजवणार होत्या. म्हटलं, स्वतः ऐकावं, चांगले दहा-बारा दोष काढावेत आणि संध्याकाळपर्यंत सासरी पोचवावेत.

वाटेत बुधवार पेठेत उतरलो. ऐन वेळी गरज पडली तर आपली नवी गाणी खिशात असावीत, म्हणून नवा पेनड्राइव्ह घ्यायचा होता. दुकानदाराला विचारलं, "चांगला आहे ना हा?"

"वाईट आतल्या कपाटात आहेत. काढू का?"

गाणी सॅकमधल्या माझ्या लॅपटॉपवरून त्यात भरली, तीही त्याच्याच काउंटरवर. तो माझ्याकडे वीज चोरणाऱ्याकडे बघावं तसं बघत होता.

हडपसरला बस बदलली. पुढे सोलापूर रस्त्याने शहर हळूहळू विरळ होतं. गोदामं, मग रोपवाटिका, मग दोन इमारतींच्या मध्ये सापडलेला उसाचा तुकडा. शेजारच्या आजोबांनी पिशवीतून पेरू काढून दिला. "कुटं निघालात?" "हळदीला." "आवतण (आमंत्रण) हाय का?" मी पेरू चावत राहिलो. उत्तर न द्यायला पेरूसारखं फळ नाही.

लोणीत पत्ता विचारावाच लागला नाही. जमीनच थरथरून सांगत होती. मांडव नवऱ्या मुलाच्या दारात, शेजारी टेम्पोवर स्पीकरची भिंत. आणि त्या भिंतीतून येत होतं माझं गाणं! शुक्रवारीच निघालेलं, निशाच्या रिसेप्शनसाठी हेरून ठेवलेलं. माझ्या हातातून पेरूचा उरलेला तुकडा पडला.

शर्टाला इस्त्री आणि चेहरा अनोळखी, असा माणूस मांडवात फार वेळ लपत नाही. एका धिप्पाड गृहस्थांनी विचारलं, "पाव्हणं, कुणाकडचं?" इथे मी हिशोब केला. हे मुलाचं घर, म्हणजे मुलाकडचे सगळे एकमेकांना ओळखणार. मी म्हणालो, "नवरीकडचा."

झालं! मुलाच्या हळदीला नवरीकडचा माणूस म्हणजे देवच. "नवरीकडचं पाव्हणं आलं!" अशी आरोळी उठली. मला गुलाबी फेटा बांधला, हातात नारळ दिला, गालाला हळद फासली आणि बरोबर स्पीकरसमोर खुर्चीत बसवलं. हेरगिरीसाठी आलेल्या माणसाचा माइकवर सत्कार झाला.

पण ऐकायला जागा उत्तम होती. दीपाताई म्हणजे तिशीतल्या, डोक्याला रुमाल, तोंडात बडीशेप. गाण्याचा नुसता बेस आणि ड्रम त्या घोळवत होत्या. खाली दोघे हलगीवाले त्या अडखळत्या तालाला टोले देत होते. जिथे ठेच, तिथे हलगी. मांडवातल्या आत्या-मावश्यांचे पाय पाहता पाहता त्या वाटेला सरावले, आणि मगच बाईंनी ट्रम्पेट सोडले. माणसं अक्षरशः उसळली. आदल्याच रात्री कोथरूडला मी हे गाणं एका वाढदिवसाला वाजवून पाहिलं, तेव्हा दोघांनी मला आवाज कमी करायला सांगितलं होतं.

न राहवून मी उठून त्यांच्या लॅपटॉपमध्ये डोकावलो. गाण्यांची नावं होती: मेथी, गवार, दोडका.

"ही नावं कसली?"

"माळव्याची (भाजीपाल्याची)," त्या म्हणाल्या. "खरी नावं लपवावी लागत्यात. तुमच्यासारखं पाव्हणं डोकावत्यात ना."

मी कसनुसा हसलो.

"तुमचं व्हिडिओ बघते मी, नितीनभाऊ. लायटिंग लई भारी असती." एवढं बोलून त्यांनी माइक उचलला. "नवरीकडचं पाव्हणं आता एक गाणं लावणार हायत!"

नाही म्हणावं, तर मी कुणाकडचा हा प्रश्न पुन्हा निघाला असता. मी पेनड्राइव्ह लावला. सगळ्यात नवं, सगळ्यात अवघड ब्रेकबीट निवडलं. हलगीवाल्यांना ऐटीत हातानेच थांबवलं आणि गाणं एकदम पूर्ण ताकदीने सोडलं. नाचणारे थबकले. एकमेकांकडे पाहू लागले. मग एक मावशी पदर सावरत म्हणाल्या, "चला, जेवणं सुरू झाली वाटतं." आणि आख्खा मांडव पंगतीकडे चालता झाला.

दीपाताईंनी बडीशेपेची डबी माझ्यापुढे धरली. ते टोमण्यापेक्षा जास्त लागलं.

जेवण मात्र झकास होतं. वांग्याचा झणझणीत रस्सा, भात, वर बुंदी. नवरीकडचा म्हणून बुंदी आग्रहाने, तीन-तीन वेळा. हातावर पाणी पडताच मी पळ काढला.

परतीच्या बसमध्ये दोष जुळवत बसलो. वायरी उघड्या होत्या. टेम्पोला एका बाजूने गंज होता. डीजेने कामावर बडीशेप खाऊ नये. दोष भरपूर निघाले.

माधवीने दार उघडलं. फेटा पाहिला, पिवळा गाल पाहिला. हुरड्याबद्दल चकार शब्द काढला नाही. सरळ विचारलं, "कशी आहे ती?"

मी तोंड उघडलं. वायरी, टेम्पो, बडीशेप, सगळं जिभेवर तयार होतं.

"बरी आहे," मी म्हणालो.

माधवीने लगेच फोन लावला. "निशे, लोणीवालीलाच सांग. अगं, हे स्वतःच्या तोंडाने 'बरी' म्हणाले!" पलीकडची किंकाळी मला सोफ्यावर ऐकू आली.

प्रवासाने माणसाचं मन मोठं होतं म्हणतात. माझं झालेलं नाही. कोथरूड ते लोणी हे अंतर कदाचित त्याला कमी पडत असेल. मला त्या बाईचा अजूनही हेवा वाटतो, आता तर ऐकून, खात्री करून वाटतो. रिसेप्शनला पाहुणा म्हणून जाणार आहे. उभं कुठे राहायचं तेवढं ठरवतोय. एखादी मोठी कुंडी बघून तिच्यामागे राहावं म्हणतो, म्हणजे पाय हलले तरी निशाला दिसायचे नाहीत.