क्रुसापुढचा भात

माझी एक फजिती सांगतो. हसायचं ते आत्ताच हसून घ्या, कारण शेवटी जिंकलो मीच!

ऐंशी सालानंतरची गोष्ट. रॉकेल रेशनवर, त्यालाही रांग. मी केळीच्या पैशातून सूर्यचूल आणली. काळी पेटी, वर काच, झाकणाला आरसा. विकणारा म्हणाला, "दोन वर्षांत रॉकेलच्या बचतीत पैसे फिटतात. मग जन्मभर फुकट!"

बायकोचा विश्वास नाही. "बाराच्या घंटेपर्यंत भात शिजला तर ठेवा. नाहीतर पेटी परत."

आता आमच्या वाडीत ऊन कुठलं? वर नारळ, खाली केळी! पेटी उचलली आणि रस्त्यावरच्या क्रुसापुढे मोकळ्यावर नेऊन ठेवली. ऊन सरकलं की पेटी फिरवायची. आतलं बघायला गुडघ्यांवर बसायचं. टोपीची सावली काचेवर पडते, म्हणून टोपीही काढली.

तेवढ्यात शेजारची नातालबाय आली. मी रविवारच्या मिस्सालासुद्धा देवळाच्या दाराशी उभा राहणारा माणूस. आणि भर उन्हात क्रुसापुढे गुडघ्यांवर!

"दादा, घरी सगळं बरं ना?"

"बाराला कळेल."

खरं सांगावं आणि भात कच्चा निघावा? गावभर हसं! नातालबाय छातीवर क्रूस करत पळाली.

थोड्या वेळात अख्खी आळी हजर. हातात जपमाळा. माझ्या मागे रोझरी सुरू! मीही मोठ्यानं 'नमो मारिया' म्हणू लागलो. डोळा काचेवर.

"बिचारा रडतोय गो!"

घाम होता हो तो!

एकीची सावली पेटीवर पडली. मी ओरडलो, "बाजूला हो!"

"बोलू नका त्याला," नातालबाय म्हणाली. "दुःखात माणूस असाच चिडतो."

देवळात बाराची घंटा झाली. बायको धावत आली. "अहो, आपल्या घरात कोण गेलं म्हणे?"

"कोणी नाही. काच उघड."

उघडली. भसकन वाफ! शीत न् शीत मोकळं!

नातालबाय लाल झाली. "म्हणजे भातासाठी आम्ही गुडघे फोडून घेतले?"

"मग? शिजला की नाही?"

सगळ्यांनी चव घेता घेता पातेलं पुसून टाकलं. पेटी घरात राहिली. मी राजासारखा ओट्यावर बसलो.

पण आमच्याकडे कोणी गेल्याची बातमी पार राजोडी गावापर्यंत गेली होती. संध्याकाळपर्यंत सगेसोयरे सांत्वनाला येत राहिले. प्रत्येकाला चहा. तोही स्टोवर, कारण ऊन कधीच उतरलं होतं.

स्टोला पंप मारत बायको म्हणाली, "पेटीचे पैसे दोन वर्षांत फिटतील हो. आजचं रॉकेल कधी फिटेल, ते विचारून या!"