पारा सर

प्रयोगशाळेत पाऊल टाकलं की सर पहिल्यांदा विचारत, "पारा किती?" भिंतीवरच्या थर्मामीटरचा आकडा वहीत उतरवल्याशिवाय ते कामाला हात लावू देत नसत. भोपाळची मुलं त्यांना पाठीमागे 'पारा सर' म्हणत. ते त्यांना ठाऊक होतं, आणि मनातून आवडतही असावं.

बॅटरीतली रासायनिक क्रिया कोणत्या तापमानाला किती वेगानं होते, याचं गणित आम्ही कम्प्युटरवर मांडत असू. मोजलेला प्रवाह आणि गणितातला प्रवाह जुळला की मी हरखून जायचो. सर मात्र म्हणत, "जुळलं म्हणजे खरं झालं असं नाही रे. पढवलेल्या साक्षीदाराचंही जुळतं."

त्या मे महिन्यात कूलर बंद पडला होता. वहीत मी एक्केचाळीस अंश लिहिले. प्रोग्रॅममध्ये मात्र आधीपासूनचे पंचवीसच राहिले. गणित जुळेना, तेव्हा मी इतर आकडे थोडेथोडे सरकवले आणि जुळवून दिलं. शोधनिबंध आमच्या दोघांच्या नावानं छापून आला.

वर्षभरानं सरांनी वही आणि प्रोग्रॅम शेजारी ठेवून पाहिले. मला एका शब्दानं बोलले नाहीत. निबंध मागे घेतो म्हणून त्यांनी स्वतःच कळवलं. चौकशी समितीपुढे म्हणाले, "पच्चीस मैंने ही रखवाया था."

अध्यक्ष चकित झाले. "आपने? आप तो सबसे पारा पूछते हैं."

"हाँ, मैंने."

मी शेजारी फरशीकडे बघत उभा होतो. बाहेर आल्यावर सर म्हणाले, "तुझी पदवी व्हायचीय अजून. माझं काय, निवृत्तीच आलीय." पण निवृत्तीनंतरही प्रयोगशाळा हाती राहावी म्हणून त्यांनी अर्ज केला होता, तो नामंजूर झाला. नंतर ते नेहरू नगरातल्या घरी बसून राहिले. मला पदवी मिळाली, पुण्यात नोकरी लागली. मी फोनसुद्धा क्वचितच केला. लाज वाटायची.

गेल्या हिवाळ्यात सर गेले. सरांच्या घरी भेटायला गेलो, तेव्हा काकूंनी चहा पुढे ठेवला. म्हणाल्या, "माझ्या हातून चूक झाली, हेच म्हणायचे शेवटपर्यंत. तू तर तिथंच होतास. खरंच यांची चूक होती का रे?"

"नाही, काकू," मी म्हणालो.

त्यांनी डोळे पुसले. मग कोणाची, हे त्यांनी विचारलं नाही. आणि मी, सरांच्याच घरात बसूनही, सांगितलं नाही.