अंधारबाईंच्या बाटल्या

बाई प्रयोगशाळेत शिरल्या की आधी खिडक्या लावायच्या. उकाड्यानं आमचा जीव नकोसा व्हायचा, पण बाईंना त्याचं काय! नाशिकच्या त्या कॉलेजात सगळे त्यांना पाठीमागे अंधारबाई म्हणत. मीही म्हणायचे.

कोपऱ्यात पडद्याआड त्यांच्या बाटल्या असत. त्यांत बाईंच्या माहेरच्या खाडीचं पाणी आणि त्यात नुसत्या डोळ्यांना न दिसणारं शेवाळ. आपल्याला दिसे ते फक्त फिक्या चहासारखं पाणी. "उथळ समुद्र म्हणजे लख्ख उजेड वाटला का गं तुला?" बाई म्हणायच्या. "गाळ ढवळला की हातभर खाली तिन्हीसांजा. हे जीव तिथेच राहतात. मिळेल तेवढा उजेड धरायला अंगातला रंग वाढवतात. एकदम ऊन पडलं की मात्र संपले."

म्हणून बाटल्यांवर जाळीचे पदर. दिंडोरीच्या आमच्या रोपवाटिकेतली हिरवी जाळी मीच आणून दिली होती. उजेड वाढवायचा तर बाई रोज एकच पदर काढायच्या. "हे गेले तेव्हा," त्या एकदा नवऱ्याबद्दल म्हणाल्या, "तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मेल्या सगळ्या मैत्रिणी मला सहलीला न्यायला आल्या! माणसाचेही पदर हळूहळूच काढावेत."

पुढे माहेरची ती खाडी भराव टाकून बुजवली. बातमी कळली त्या दिवशी बाईंनी डबा उघडला नाही. आता खाडीचं जे काही उरलं होतं, ते या बाटल्यांत.

त्याच वर्षी मे महिन्यात बाईंना कावीळ झाली. शेवाळ तळाशी बसू नये म्हणून बाटल्या रोज हलवायचं काम त्यांनी आमचे शिपाई काशिनाथमामा यांना सांगितलं. मामांचा बाईंवर फार जीव. बाई बऱ्या होऊन आल्या, तेव्हा मामा हसतमुखानं दारातच उभे.

"बाई, बाटल्या लय दिवस अंधारात व्हत्या. बुरशी धरंल म्हनलं. गच्चीवर नेऊन चांगलं आठवडाभर ऊन दाखवलं."

आपण गाद्यांना दाखवतो, लोणच्याला दाखवतो, तसं ऊन! सगळ्या बाटल्यांतलं पाणी नितळ, बिनरंगाचं झालं होतं. बाईंनी एकेक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. शेवटची बाटली झाल्यावर डोळे पुसले आणि म्हणाल्या, "मामा, चहा सांगा." त्यांना रागावलेलं कुणी ऐकलं नाही. मामांना खरं काय झालं ते मीच नंतर सांगितलं. ते जिन्यात बसून लहान मुलासारखे रडले.

त्यानंतर बाईंनी पुन्हा बाटली भरली नाही. भरणार तरी कुठून? निवृत्त झाल्या आणि घरातल्या खिडक्याही लावून बसू लागल्या. मी जायचे, पण माझ्याच्यानं एकही पदर निघाला नाही.

त्या गेल्या तेव्हाही मे महिनाच होता. त्यांना अंगणात आणून ठेवलं. डोक्यावर रणरणतं ऊन. म्हातारे काशिनाथमामा गर्दीतून पुढे आले, काळी छत्री उघडली आणि बाईंच्या चेहऱ्यावर धरून उभे राहिले.

कुणीतरी म्हणालं, "मामा, आता कशाला?"

"एकदम ऊन नको बाईंना," मामा म्हणाले.