डब्यावरचं कुंकू

सुलाबाईला घाणीचा मनापासून तिटकारा. ट्रकवाल्याच्या घरात डिझेलचे हात जिथंतिथं लागायचेच, पण तिच्या दारात आधी राखेनं हात घासायचे, मगच उंबरा ओलांडायचा. पिंगळी गावातल्या बायका म्हणायच्या, लय नखऱ्याची बाई हाय. म्हणेनात का, त्यांच्या घरची माठाखालची घाण हिनं पाहिली होती.

नवरा सूर्यभान. घरात एकच ट्रक, त्याचा मालकही तो आणि ड्रायव्हरही तोच. जुना ट्रक जाऊन नवा आला तशी त्याला डिझेलशिवाय आणखी एक औषध पाजायची पाळी आली. धुरातलं विष मारणारं, पाण्यासारखं नितळ. कंपनीवाले त्याला डीईएफ म्हणतात, ड्रायव्हर लोक सरळ युरिया. त्याला कचरा चालत नाही, ऊन चालत नाही, डिझेलचं नरसाळंसुद्धा चालत नाही. हे ऐकून सुलाबाई खूश झाली. घरात आपल्यासारखं खोडीचं कुणीतरी आलं, असं तिला वाटलं.

तिनं धान्याची मातीच्या भिंतींची खोली रिकामी केली. बाहेर पत्रे तापून तडतडायचे, पण त्या खोलीत भर उन्हाळ्यात गारवा असायचा. खिडकीला ओलं पोतं, फळीवर निळे डबे, वेगळं नरसाळं धुतल्या फडक्यात बांधून खुंटीला. घरात नवी वस्तू आली की तिला कुंकू लावायचं ही सासूची रीत. म्हणून प्रत्येक नव्या डब्याच्या मुठीखाली ती तेलात कालवलेल्या कुंकवाचं एक बोट ओढायची. डबा गाडीत जाणार, गाडीत नवरा जाणार. मनातलं तेवढंच.

डबे आणायचं काम महारुद्रकडं होतं. तो तिच्या वारलेल्या भावाचा पोरगा, पाळण्यातून उचलून आणलेला, तिच्याच हातच्या भाकरीवर वाढून आता लग्नाला आलेला. परभणीच्या दुकानातून भरले डबे आणायचा आणि रिकामे रानात पाणी न्यायला म्हणून घेऊन जायचा. रिकाम्या डब्यांचं दुसरं करायचं तरी काय, म्हणून तीही कधी काही बोलली नाही.

त्या आठवड्यात भावकीत सुतक होतं. महारुद्रनं नवे डबे आणून फळीवर लावले, पण सुतकात कुंकवाच्या करंड्याला हात लावायचा नाही, म्हणून ते तसेच राहिले. त्यातलाच एक गाडीत ओतून सूर्यभान सरकीची पेंड घेऊन पूर्णेकडं निघाला. दुपारी त्याचा फोन आला.

"सुले, गाडी म्हाताऱ्या बैलावाणी चालायली. मेस्त्रीनं टाकी उघडली तर आत पिवळं पाणी अन् खडे हायत. आपल्याच खोलीतला डबा व्हता ना गं?"

"आपल्याच."

"आणखी चार कोस दामटली असती तर सगळं बाद झालं असतं म्हणतोय. गाडी गेली की आपलं काय राहिलं सांग."

तिनं फोन ठेवला आणि खोलीत जाऊन फळीवरचा एक डबा फोडला. मुतारीचा भपकारा आला. वर कडुलिंबाचा तेलकट तवंग, म्हणजे हा पिकाला टाकायचा, कडुलिंबाचं तेल लावलेला युरिया. त्यात तरंगत होती पालीची शेपटी. सुलाबाईनं तोंडाला पदर लावला आणि दारात जाऊन ओकली. चूळ भरून परत आली तर मुठीखाली नजर गेली. सील नवं, कागद नवा, आणि तिथं तिच्याच बोटाचं जुनं कुंकू. दुसऱ्या डब्यावरही तेच. या खेपेला तर तिनं करंडा उघडलाच नव्हता.

महारुद्र अंगणात मोबाईल बघत बसला होता. तिनं डबा त्याच्या पुढ्यात आदळला.

"कुठून आणलास?"

"दुकानातूनच की आत्या."

"दुकानदाराची बायको माझ्या बोटानं कुंकू लावती का रे?"

त्यानं मान खाली घालून सगळं सांगितलं. दुकानाचे पैसे खिशात घालून त्यानं गोठ्याच्या बादलीत बोअरच्या खाऱ्या पाण्यानं हे कालवलं होतं. डबे घासले होते, सीलं बदलली होती.

"समदं घासलंस. मग हे का न्हाई पुसलंस?"

"कुंकू कसं पुसावं आत्या? मामाच्या गाडीचं हाय ते."

पालीच्या शेपटीची आली नव्हती एवढी किळस सुलाबाईला या उत्तराची आली. मामाच्या गाडीत घाण ओतताना याचा हात कापला नाही आणि बोटभर कुंकवापाशी कापला. थू असल्या देवभोळेपणावर.

तिनं ओलं फडकं त्याच्या अंगावर टाकलं. "पूस."

फडकं हातात धरून तो रडायला लागला. "न्हाई व्हायचं माझ्याच्यानं."

"मग ते कसं झालं रे?"

तो पाया पडायला वाकला तेव्हा तिनं पाय मागं घेतले आणि त्याची कपड्याची पिशवी आणून ओसरीवर ठेवली.

टाकी धुऊन, मेस्त्रीकडचा चांगला डबा ओतून सूर्यभान दिवेलागणीला गाडी घेऊन घरी आला. गाडी वाचली होती. हातपाय धुऊन तो जेवायला बसला, तर समोर दोनच ताटं.

"महारुद्र कुठं गेला?"

सुलाबाईनं टोपल्यातली तिसऱ्याची भाकरी उचलली आणि दारातल्या कुत्र्याला टाकली.