पांढरं तोंड

बाळ अठरा दिवसांचं होतं तेव्हा ताई मला पहिल्यांदा म्हणाली, की पाजताना दुखतंय. मी तिला पत्रक वाचून दाखवलं.

हे आधी लिहून टाकते, कारण पुढे जे झालं ते आत्याच्या अडाणीपणामुळे झालं असं मी कितीतरी वर्षं सांगत आले. ते खरं नाही. निदान पुरतं खरं नाही.

ताई पहिल्या बाळंतपणाला हिमायतनगरहून लातूरला आमच्याकडे आली होती. भूकंपाला पाच वर्षं होत आली होती. आई मी लहान असतानाच गेलेली, त्यामुळे घरात आप्पा, मी आणि आत्या. आत्याचं गाव औशाकडचं. भूकंपात तिचं घर बसलं, दीड वर्ष तिने लेकीबरोबर पत्र्याच्या शेडमध्ये काढलं आणि मग ती कायमची आमच्याकडे आली. आप्पांनी तोवर आमचंही मातीचं माळवद उतरवून घरावर पत्रे टाकले होते. गल्लीतून डाळमिलचा भरलेला ट्रक गेला की पत्रे थरथरायचे आणि आत्या हातातलं काम टाकून दारात जाऊन उभी राहायची. ट्रक केव्हाच गेलेला असायचा, ती मात्र आत यायची नाही.

आप्पा शाळेत शिक्षक होते, पण जीव त्यांचा पत्रकांत. हुंडा, बुवाबाजी, गढूळ पाणी, दारू. समोरच्या खोलीत सायक्लोस्टाईलचं यंत्र होतं आणि मी अक्षरं शिकले ती त्या ओल्या शाईच्या कागदांवर. त्यातलं आईच्या दुधाचं पत्रक मला तोंडपाठ होतं. भूकंपानंतर शेडमध्ये मदतीच्या सामानातून दूधपावडरचे डबे आले होते. टँकरच्या पाण्यात ती पावडर कालवून तिथली माणसं बाटलीने पाजत राहिली आणि आत्याची नात, लेकीची लेक, दोन महिन्यांची होऊन जुलाबाने गेली. त्यानंतर आप्पांनी ते पत्रक लिहिलं. त्यात एक वाक्य होतं: ‘दूध कमी पडते, दूध सोसत नाही, पाजताना त्रास होतो, ही सारी डबेवाल्यांनी पढवलेली वाक्ये आहेत.’

तेच मी ताईला वाचून दाखवलं.

“अगं, डब्याचं नाव मी काढलं का?” ताई म्हणाली. “दुखतंय, एवढंच म्हणून राहिले.”

“आधी दुखतं. मग डबा येतो.”

“असं? मग पुढच्या वेळी तूच पाज. पत्रक धर समोर.”

मी हसले नाही. मी सतरा वर्षांची होते, बारावी सायन्सला होते, आणि जगातला निम्मा अन्याय हा लोकांच्या कच खाण्यातून येतो अशी माझी खात्री होती.

ताईची खोली अंधारी होती. आत्याने खिडकीला गोणपाट लावलं होतं. बाळंतिणीला वारं लागू नये, बाळाला उजेड लागू नये, सव्वा महिना. शेगडी, ओव्या-शेपांची धुरी, बंद दार. गोणपाटावरून मी आत्याशी कडाक्याने भांडले होते आणि हरले होते. “तुझ्या कागदाला वारं लागत न्हाई, बाळंतिणीला लागतंय,” ती म्हणाली होती. हरल्यावर मी त्या खोलीत जाणंच कमी केलं. क्लासमधून यायचं, दारातून डोकवायचं, पुस्तक उघडून बसायचं. तत्त्वाच्या माणसाला रुसायलाही तत्त्व लागतं.

चार-पाच दिवसांत बाळाचं, ताईच्या लेकीचं, रडणं बदललं. आधी ती भुकेने खणखणीत रडायची. आता छातीशी धरली की झटकन तोंड लावायची, दोन घोट ओढायची आणि तोंड सोडून किंचाळायची. पुन्हा लावायची, पुन्हा सोडायची. हळूहळू किंचाळणंही राहिलं नाही. एक बारीक, खरखरीत आवाज भिंतीतून यायचा आणि मध्येच थांबायचा. तो थांबला की मी पुस्तकातून मान वर करायची आणि तो पुन्हा सुरू होईपर्यंत मला पुढची ओळ वाचता यायची नाही.

ताई आता दुखतंय म्हणत नव्हती. पाजायची वेळ झाली की पदराचं टोक दातात धरायची. उजव्या बाजूला पाजणं तिने जवळजवळ सोडलं होतं. हे मला दिसत होतं. मी विचारलं नाही.

एका दुपारी आत्या गिरणीवर दळण आणायला गेली होती आणि ताईचा डोळा लागला होता. बाळ अंथरुणात नुसतं डोळे उघडे ठेवून पडलं होतं. रडत नव्हतं, तेच मला बघवलं नाही. मी तिला उचललं आणि मागच्या अंगणात निंबाच्या सावलीत आणलं. तिने जांभई दिली. तिचं तोंड आतून पांढरं होतं.

जिभेवर दुधाचा थर असतो तसं नव्हतं ते. दोन्ही गालांच्या आत, हिरड्यांवर, ओठांच्या आतल्या कडेला दह्याच्या कवड्या चिकटाव्यात तसे ठिपके. मी जीवशास्त्राच्या प्रयोगासारखं बोट ओलं करून एक ठिपका हलकेच पुसला. दूध असतं तर निघालं असतं. हे निघालं नाही. आणि बाजूला, जिथलं कुणीतरी आधीच काढलं होतं तिथं, लाल, ओलं, रक्ताळलेलं मांस दिसत होतं.

मागून आत्याचा आवाज आला. “बाहेर आणलंस? टाळू तरी भरली का तिची?”

“आत्या, हिच्या तोंडात काय आहे?”

“दूध हाय.”

“दूध नाही. निघत नाही ते.”

आत्याने पिठाचा डबा खाली ठेवला. “मला ठाव हाय निघत न्हाई ते. चार दिस झाले मी पुसून राहिले. मध लावते, फडक्यानं पुसते, सकाळी पुन्हा येतंय.”

“मग बोलली का नाहीस?”

“कुणाला बोलू? तुला? तू कागद वाचशील.” ती बाळाकडे न बघता बोलत होती. “शेडमधल्या लेकराचं बी असंच पांढरं झालं होतं तोंड. त्यानंतर आठव्या दिशी गेलं. नाव घेतलं की बसतंय ते घट्ट. म्हणून न्हाई घेतलं.”

ऊन होतं, निंबावर चिमण्या होत्या, आणि माझ्या हातातलं ते अडीच किलोचं ओझं एकदम काहीच वजन नसल्यासारखं वाटलं. मी लंगोट चाचपला. कोरडा होता. सकाळपासून तोच होता.

आप्पा शाळेतून आले तेव्हा मी आणि आत्या समोरच्या खोलीत भांडत होतो. आत्याचं म्हणणं, आईचं दूध बाधतंय, ते तोडा, गाईचं दूध बोंडल्याने पाजा. माझं म्हणणं, एक थेंब वरचा द्यायचा नाही. आप्पा पत्रकाच्या बाजूचे. “एका लेकराला वरच्या दुधानं नेलं, अक्का,” ते म्हणाले. आत्या म्हणाली, “दुधानं न्हाई नेलं. तोंडानं नेलं. तू शेडमधी कधी आलास? कागद वाटायला.” आप्पांचा चेहरा पडला. एकाच मरणातून त्या दोघांनी दोन वेगळे धडे काढले होते, आणि दोघांचे धडे ताईच्या खोलीच्या दारापाशी येऊन संपत होते. आत कुणी जात नव्हतं.

ताईच बाहेर आली. तीन आठवड्यांत पहिल्यांदा मी तिला उजेडात बघत होते. ओठ चावून चावून फुटले होते.

“झालं का भांडण?” ती म्हणाली. “झालं असलं तर रिक्षा बोलवा.”

“सव्वा महिना—” आत्या म्हणाली.

“हिला सव्वा महिना निघायचा न्हाई, आत्या.”

आप्पा रिक्षा घेऊन आले, आणि आत्याही आमच्याबरोबर चढली.

डॉक्टरीणबाईंनी बाळाचं तोंड बॅटरीने पाहिलं, लंगोट सोडून ढुंगणावरचं लाल पुरळ पाहिलं आणि वजन केलं. मग त्यांनी बाळाला बाजूला ठेवलं आणि ताईला विचारलं, “आणि तुम्हाला कुठं दुखतंय?”

ताई रडायला लागली. तिच्याशिवाय आम्ही घरात तीन माणसं होतो. हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता.

पाजताना जळतं, ती म्हणाली. बाळाने सोडलं तरी सुया टोचल्यासारखं आत पाठीपर्यंत जातं. टाके पिकू नयेत म्हणून गोळ्या घेतल्या होत्या, त्यानंतर सुरू झालं. बाईंनी तिला तपासलं. स्तनाग्रं लाल, तुकतुकीत, भेगाळलेली.

“बुरशी आहे,” बाई म्हणाल्या. “हिच्या तोंडात आणि तुमच्या अंगावर, एकच. ती तुम्हाला देते, तुम्ही तिला देता. एकीलाच औषध दिलं तर दुसरीकडून परत येणार.” मग आत्याकडे वळून, “तोंड कशानं पुसत होता?”

“फडक्यानं. मऊ हाय, धुतलेलं.”

“आणि हिची छाती?”

“त्यानंच,” आत्या म्हणाली.

त्या एका फडक्याने आम्ही रोज ती बुरशी इकडून तिकडे नेत होतो, आणि तिकडून इकडे.

बाईंनी बाळाला पाजल्यावर तोंडात सगळीकडे लावायचं थेंबांचं औषध दिलं, ताईला मलम. ठिपके खरवडायचे नाहीत. मध वर्षाच्या आतल्या लेकराला चाटवायचाच नाही. कपडे, फडकी उकळून उन्हात वाळवायची. ठिपके गेले तरी सांगितले तितके दिवस औषध चालू ठेवायचं. दूध तोडायचं नाही. फारच दुखलं तर हाताने काढून वाटी-चमच्याने तेच पाजायचं. “तोंड पांढरं झालं म्हणून लेकरू जात नाही, मावशी,” त्या आत्याला म्हणाल्या. “पिणं बंद झालं तर जातं. आज आणलंत. लंगोट ओले व्हायचे थांबले, ताप आला, सुस्त पडली, तर एक दिवससुद्धा घरी काढायचा नाही.”

निघताना त्यांनी मला विचारलं, “काय शिकतेस?”

“बारावी. बायोलॉजी.”

“मग तुला माहीत असेल ही बुरशी.”

माहीत होती. तिचं शास्त्रीय नाव, तिचं कुळ, ती कुठे वाढते. क्लासच्या त्या प्रकरणाच्या चाचणीत मला पैकीच्या पैकी होते. चार पर्याय दिले असते तर मी झोपेत खूण केली असती. क्लासेसच्या माझ्या शहराने मला पर्याय ओळखायला शिकवलं होतं आणि माझ्या घराने मला शत्रू ओळखायला. जांभई देणारं तोंड मला ओळखता आलं नव्हतं, आणि दातात पदर धरलेलं तर दिसूनही दिसलं नव्हतं.

पहिले दोन दिवस काही उतरलं नाही. ताई दूध काढून चमच्याने पाजायची, अर्धं ओघळायचं. लंगोट ओला झाला की मी मोठ्याने सांगायची आणि आप्पा समोरच्या खोलीतून “बरं” म्हणायचे. यंत्र बंद होतं. आत्याने गोणपाट स्वतःच काढलं होतं आणि ती कुणाशी बोलत नव्हती. तिसऱ्या दिवशी गालांतले ठिपके विरळ झाले. आठव्या दिवशी आत्या सकाळपासून ताईच्या उंबऱ्यात बसून होती, जेवलीही नाही. संध्याकाळी बाळाने डावीकडचं ओढून ओढून पिऊन ढेकर दिला, तेव्हा ती उठली आणि म्हणाली, “बघू दे तोंड.” तिने बोट लावलं नाही. नुसतं पाहिलं.

उजव्या बाजूला मात्र दूध परत आलं नाही. फार दिवस पाजलंच नव्हतं. तिकडे धरली की बाळ दोनदा ओढायचं आणि तोंड फिरवून रडायचं. ताई बाजू बदलायची. मी तिला एकदा म्हणाले, की माझं चुकलं. ती म्हणाली, “जाऊ दे, तू लहान होतीस.” तेव्हा सगळं होऊन सहा आठवडेच झाले होते; तेवढ्यात मी लहानाची मोठी झाले, असं ती म्हणत होती.

ताईला दुसऱ्या वेळेला दिवस गेले तेव्हा आत्याने खोली सारवून ठेवली, आप्पा तिला आणायला हिमायतनगरला गेले. ते एकटेच परत आले. ताई बाळंतपणाला नांदेडला नणंदेकडे जाणार होती. मी फोनवर विचारलं, “का गं? इथं काय कमी आहे?”

“कमी काही न्हाई,” ती म्हणाली. “नणंदेकडं सगळं माहीत असणारं माणूस न्हाई. दुखतंय म्हटलं की कुठं, एवढंच विचारतात.”