सहा सेंटिमीटरचा निर्दोष मासा

जाधव साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं तेव्हा मला वाटलं, आदल्या दिवशी मी अडवून ठेवलेल्या बुश नावाच्या पार्टच्या लॉटबद्दल असेल. सगळी रीडिंग्ज घेऊनच गेलो. त्यांनी कागदांकडे पाहिलंही नाही. मोबाईल पुढे केला. स्क्रीनवर काचेला तोंड चिकटवलेला एक काळा मासा होता.

"भामरे, हे काय आहे?"

"मासा आहे सर."

"ते मलाही दिसतंय. कोणता?"

मी अंबडच्या एका कारखान्यात इन्स्पेक्शनला आहे. सव्वीस वर्षं झाली. मशीनवरून आलेला पार्ट मोजायचा, ड्रॉइंगशी ताडून पाहायचा, जमला तर पुढे सोडायचा, नाही जमला तर लाल टॅग लावून बाजूला ठेवायचा, एवढं माझं काम. माशांशी संबंध ताटापुरता. पण साहेबांना "माहीत नाही" असं सांगणं मला कधी जमलेलं नाही. मी म्हणालो, "बघून सांगतो."

प्रकरण असं होतं. साहेबांच्या आईंचं खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. त्यानंतर त्या भिंतीकडे तोंड करून पडून राहायच्या. खुर्चीत बसा म्हटलं तरी नाही म्हणायच्या. त्याच सुमारास देवळाली कॅम्पातल्या एका ओळखीच्या फौजी कुटुंबाची बदली झाली आणि जाताना त्यांनी आपली माशांची टाकी साहेबांना दिली. ती आईंच्या खोलीत ठेवली. तिसऱ्या दिवशी आई आपणहून म्हणाल्या, मला खुर्चीत बसवा. फिजिओथेरपीच्या मुलीला सहा आठवड्यांत जे जमलं नव्हतं, ते झालं.

पण टाकीतले गप्पी मासे कमी होत होते. आले तेव्हा चोवीस होते, आता सतरा. मेलेला एकही सापडत नव्हता. आई रोज सकाळी मोजायच्या आणि आकडा उतरला की त्या दिवशी जेवण अर्धं टाकायच्या. वहिनींनी, म्हणजे साहेबांच्या मिसेसनी, जाहीर केलं होतं की रविवारपर्यंत कारण सापडलं नाही तर टाकी देऊन टाकायची. रोज थोडं थोडं रडण्यापेक्षा एकदाच काय ते.

"आणि मग आई पुन्हा भिंतीकडे तोंड करतील," साहेब म्हणाले. "तुम्ही इन्स्पेक्शनवाले. शोधून काढा."

"दुकानदार काय म्हणतो?"

"फोटो पाठवले. मिशीवाल्या सगळ्यांनाच सकर म्हणतो, काच चाटणारे."

सोमवारी संध्याकाळी ड्यूटी संपवून मी त्यांच्या घरी गेलो. सोबत वही, टॉर्च आणि स्टँडर्ड रूममधली एक फुटाची स्टीलची पट्टी. पट्टीवर कॅलिब्रेशनचं स्टिकर होतं, म्हणजे तिची मापं तपासून घेतलेली होती. माझी कोणी तपासली नव्हती.

मी दोन शक्यता मांडल्या. एक, एखादं झाड पाण्यात कुजतंय, त्यानं पाणी बिघडून गप्पी मरताहेत आणि बाकीचे मासे त्यांना संपवताहेत. दोन, कोणीतरी गप्पी जिवंतच खातंय. पहिलीसाठी झाडं ओळखायला हवीत, दुसरीसाठी गप्पी सोडून टाकीत असलेले मिशीवाले मासे. मोबाईलवरच्या अ‍ॅपनं एकाच झाडाची तीन वेगवेगळी नावं सांगितली, म्हणून मी नावं सोडली आणि नंबर दिले. झाड एक ते चार. मासा अ, ब, क.

अ म्हणजे तो काळा, दिवसभर पुढच्या काचेला चिकटलेला. तोंडावर काटे, दिसायला वसुलीला आलेल्या माणसासारखा. ब ही ठिपक्यांची जोडी होती, वाळू उकरत फिरणारी. क चंदेरी, लांब मिशांचा, कायम मागच्या काचेपाशी दडलेला.

सलग सहा संध्याकाळी मी गेलो. पट्टी काचेला लावायची, मासा तिच्यामागे आला की रीडिंग घ्यायचं, अशी माझी पद्धत. झाडांची उंचीही मोजली, कारण जे कुजतं ते वाढत नाही. आई खुर्चीत बसून बघत होत्या.

"काय मोजतोस रे?"

"लांबी, आई."

"मग? सदरा शिवणार आहेस त्याला?"

मी हसलो आणि वहीत अकरा लिहिलं.

शनिवारी रिपोर्ट तयार झाला. आमच्याकडे असतो तसाच, टाईप केलेला. झाड एक, दोन आणि चार रोज वाढत होती, म्हणजे निरोगी. झाड तीनची वाढ सहा दिवसांत शून्य मिलिमीटर, पण पान एकही पिवळं नाही. शेऱ्यात मी "अत्यंत स्थिर" असं लिहिलं होतं.

वहिनींनी तो कागद वाचला. "भामरे भाऊ, तीन नंबरचं प्लॅस्टिकचं आहे. मीच आणलंय. दर महिन्याला ब्रशनं धुते."

साहेब छताकडे बघायला लागले. मी म्हणालो, म्हणूनच स्थिर आहे. खरं तर तिथंच सगळ्यांनी तो रिपोर्ट बाजूला ठेवायला हवा होता. पण पुढचं पान माशांचं होतं आणि त्यावर आकडे जास्त होते.

गप्पी तीन सेंटिमीटरचा. तो गिळायचा तर खाणारा निदान तिप्पट हवा, हा अंदाज माझा. ब साडेचारचे, निर्दोष. क सहाचा, निर्दोष. अ अकराचा. शिवाय तोंडावर काटे. निष्कर्ष: अ रिजेक्ट.

"त्या बिचाऱ्यानं काय केलंय?" आई म्हणाल्या. "दिवसभर काच चाटतो."

मी त्यांना आकडे समजावून सांगितले. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "फार शिकलेला दिसतोस." ही मी शाबासकी समजलो.

रविवारी साहेबांनी अ ला पिशवीत घालून दुकानात नेऊन दिलं. टाकी राहिली. तेव्हा गप्पी सोळा होते.

बुधवारी केबिनमधून पुन्हा बोलावणं आलं.

"चौदा," साहेब म्हणाले. "तुमचा आरोपी दुकानात बसलाय. मग इथं खातंय कोण?"

"पुन्हा मोजतो सर."

"नुसतं मोजू नका. आई परवापासून खुर्चीत बसलेल्या नाहीत. सकाळी मासेही मोजत नाहीत. ही म्हणते, टाकी आता जाऊच दे."

संध्याकाळी गेलो. आई पलंगावर होत्या, तोंड भिंतीकडे. मी टाकीपाशी पट्टी काढली.

"ती खाली ठेव आणि इथं बस," त्या न वळताच म्हणाल्या. "ज्यानं गप्पी खाल्ले त्याचं नाव सांगितलं तर त्याला फेकून देणार नाहीस, असं कबूल कर."

"ते साहेब ठरवतील, आई."

"त्याचं मी बघते. तुझं बोल."

मी कबूल केलं. त्या वळल्या.

"तो मागे दडतो ना, मिशाळ, ती शिंगटी आहे. गोदेची पोरं आम्ही, माझ्या माहेरी चांदोरीला टोपलीनं यायची. कॅम्पवाल्यांनी नदीवरून शेवाळ आणलं असेल, त्यात पिल्लू आलं असेल. पहाटे मला जाग येते तेव्हा मी बघते ना. एका घासात गप्पी आत."

"पण आई, तो फक्त सहा सेंटिमीटरचा आहे."

"मला उठव."

मी हाताला धरून त्यांना खुर्चीत बसवलं. त्यांनी उशीजवळच्या वाटीतून कणकेची एक बारीक गोळी घेतली आणि पाण्यात, अगदी पुढच्या काचेलगत सोडली. क सरळ त्यांच्यापाशी आला आणि काचेला अंग घासत गोळी खायला लागला. मी घाईनं पट्टी लावली. बारा.

इथं थोडं समजावून सांगायला हवं. पट्टी आणि वस्तू एकमेकांना टेकलेली नसली की वाचन चुकतं. वस्तू पट्टीच्या जितकी मागे, तितकी लहान दिसते. याला पॅरलॅक्स म्हणतात. अ पुढच्या काचेलाच चिकटलेला, म्हणून त्याचं माप बरोबर आलं. क सव्वा फूट मागे, म्हणून बाराचा सहा झाला. मी सहा दिवसांत एकूण चोपन्न रीडिंग्ज घेतली होती आणि क ची सगळी सारख्याच काळजीनं चुकवली होती. हा पॅरलॅक्स मी दर वर्षी नव्या ट्रेनींना शिकवतो. फळ्यावर आकृती काढून.

"तुम्ही आधीच का नाही सांगितलंत?"

"तू विचारलंस कुठे? पाणी बघितलंस, झाडं मोजलीस. मला फक्त म्हणायचास, आई, जरा बाजूला व्हा, उजेड अडतोय." त्या टाकीकडे बघत राहिल्या. "आणि नाव घेतलं असतं तर तुम्ही ह्याला काढलं असतं. ह्या घरात हाक न मारता माझ्याजवळ येणारा हा एकच आहे. गप्प्यांचं वाईट वाटतंच. घास उतरत नाही. पण त्या काळ्याला माझ्यापायी घालवलंत, ते मला सहन होईना."

साहेब दारात उभे होते. किती वेळ, ते मी विचारलं नाही. ते आत आले आणि दुसऱ्या बाजूला पलंगावर बसले. त्यांनी वाटीतली एक गोळी उचलली.

"कुठे टाकायची?"

"इथं, काचेपाशी. आणि हात हलवू नको."

गुरुवारी आमच्या टूलरूममध्ये टाकीसाठी पारदर्शक शीटचं पार्टिशन बनवलं, पाणी खेळावं म्हणून चार मिलिमीटरची भोकं पाडून. ते बसलं नाही, कारण टाकीचं माप मी बाहेरून घेतलं होतं आणि काचेची जाडी वजा केली नव्हती. शुक्रवारी दुसरं बनवलं. एका बाजूला शिंगटी, दुसऱ्या बाजूला चौदा गप्पी. काळ्याला दुकानातून परत आणायला साहेब स्वतः गेले. आई आता वॉकर घेऊन स्वयंपाकघरापर्यंत जातात, कणीक मागायला. साहेब कामावर निघण्याआधी दहा मिनिटं त्यांच्या खोलीत बसतात.

मी आमच्या चेकशीटमध्ये एक रकाना वाढवला आहे, सगळ्यात वर: या मशीनवर दिवसभर कोण असतं आणि त्याचं म्हणणं काय. तो भरल्याशिवाय मोजमापाला हात लावायचा नाही. ट्रेनी विचारतात, हा कुठल्या स्टँडर्डमधून घेतला. मी सांगतो, कस्टमर कम्प्लेंटमधून.