जायफळाला गेलेली जीप

आक्कांच्या घरात पाय ठेवला की पोटाची सुटका नसे. मीटर बघायला आलेला असो की चुकून भलताच पत्ता विचारणारा, सगळ्यांना एकच हुकूम, "बसा. दोन घास खाऊन जावा." नाही म्हणायची सोयच नव्हती, कारण तुम्ही चपला काढेपर्यंत ताट समोर आलेलं असायचं. मी मूळचा देगलूरचा. लातूरकडच्या मुरुडजवळच्या त्या गावात शाळेवर लागलो आणि आक्कांच्या पुढच्या खोलीत भाड्यानं राहिलो. वर्षभरात माझ्या सगळ्या पँटी कमरेत आवळायला लागल्या.

घराच्या भिंतीपलीकडे डाळमिल होती. डाळीची सालं काढताना उडणारा भुस्सा एक भला मोठा पंखा सरळ आमच्या अंगणात फेकायचा. पिण्याच्या पाण्यावर पिवळा थर, डोळे सतत चुरचुरणारे. मी फळ्याकडे वळलो की मागं अर्धा वर्ग खोकायचा. पण सगळ्यात वाईट हाल होते आक्कांच्या धाकट्या जावेचे, पारूकाकूंचे. त्यांना दमा जडला होता. आडवं झालं की छातीत शिट्ट्या वाजत, म्हणून त्या भिंतीला टेकून, मांडीवर उशी घेऊन बसूनच झोपत. लातूरच्या डॉक्टरांनी ओढायचा पंप दिला आणि धूळ टाळा म्हणून बजावलं. आक्का घरी येईपर्यंत धुमसत होत्या. "धूळ टाळा म्हनं! मग श्वास घ्यायचाबी टाळा म्हना की!"

धूळ पकडायचं यंत्र मिलमध्ये होतं, पण त्यानं वीजबिल वाढतं म्हणून ते फक्त साहेबांच्या स्वागताला सुरू व्हायचं. आक्कांच्या तक्रारीवरून प्रदूषण खात्याची जीप यायची, ती फाट्यावर दिसली की तिथला मिलचा माणूस फोन करायचा. यंत्र घरघरू लागायचं, हवा एकदम महाबळेश्वरची. जीप गेली की पुन्हा पंखा. गावातलं कुणी फारसं बोलत नसे, कारण निम्म्या घरांतलं माणूस तिथं कामाला होतं. आक्कांनाही ते कळत होतं. त्या मॅनेजरला तोंडावर सांगून आल्या होत्या, "मिल बंद करा आसं कोन म्हनलं? चालू द्या. निस्ती तुमची धूळ तुमच्यापाशी ठिवा." मॅनेजरनं मोठ्या आदरानं चहा पाजला आणि पंखा चालूच ठेवला.

मग एकदा नवे साहेब आले. त्यांनी हवा मोजायची पेटी आमच्या अंगणात मांडली. मिल अर्थातच शहाण्या बाळासारखी वागत होती. साहेब आवरायला उठले, तशा आक्का आडव्या आल्या.

"पुरनाच्या पोळ्या करायलेय, भाऊ. जेवल्याबिगर न्हाई जायचं. ऱ्हाऊ द्या ती पेटी तितंच."

"आम्हाला असं कुणाकडे जेवता येत नाही, आजी."

"मी काय मिलवाली हाय का?"

हे नियमात बसत असावं. साहेब बसले.

आणि मग आक्कांना काय झालं मला कळेना. पाहुणा ताटकळलेला आणि यांची डाळ काही चुलीवरून उतरेना. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेवटी कपाळाला हात लावत त्या बाहेर आल्या. "आवं, जायफळच न्हाई घरात! पाव्हन्याला बिगर जायफळाचं पुरन कसं वाढू?" मी घाईनं गाडीची किल्ली घेतली, तर मलाच दटावलं, "तुमी बसा, मास्तर. डायवरभाऊ, जीप घिऊन मुरुडला जाऊन या की."

साहेबांनी हसून मान डोलावली. जीप गेली. ती फाट्यावरच्या माणसानंही पाहिली.

थोड्याच वेळात भिंतीपलीकडची घरघर थांबली आणि पंखा सुरू झाला. त्याबरोबर आक्का ताट घेऊन बाहेर. पोळ्या कधी लाटल्या देव जाणे! साहेबांनी पहिला घास मोडला आणि तुपावर पिवळी पूड बसली. मग येळवणीच्या, म्हणजे कटाच्या आमटीच्या वाटीत, मग साहेबांच्या चष्म्यावर. ते खोकायला लागले ते थांबेचनात. आक्कांनी पाणी पुढं केलं.

"आमी रोजच आसं जेवताव, भाऊ. आन ती माझी जाऊ बघा. बसून झोपती ती."

साहेबांनी भिंतीशी टेकलेल्या पारूकाकूंकडे पाहिलं, हात धुतले आणि पेटीकडे वळले. ड्रायव्हर जायफळ घेऊन आला तेव्हा ते पेटीतले आकडे उतरवून घेत होते. पोळीला जायफळाचा वास तर मला मघापासून येत होता. मी आक्कांकडे पाहिलं. त्या तोंडाला पदर लावून हसत होत्या.

मिलला नोटीस आली. पंख्याचं तोंड विटांनी बुजवलं, यंत्र रोज चालू लागलं आणि कामावरचं एकही माणूस कमी झालं नाही. आक्कांनी गल्लीभर पोळ्या वाटल्या. मॅनेजरलाही ताट धाडलं. तो मुकाट्यानं जेवला.

पुढच्या उन्हाळ्यात माझी मुखेडला बदली झाली. निरोप घ्यायला दुपारी गेलो, तो मुद्दाम उपाशी. आक्का ओट्यावर बसल्या होत्या. मी तोंड उघडणार तोच त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि आत खूण केली. बाजेवर पारूकाकू ऐसपैस आडव्या पसरल्या होत्या. उशी डोक्याखाली होती आणि त्या खुशाल घोरत होत्या.

"भांडं वाजलं की उठंल ती," आक्का कुजबुजल्या. "स्टँडवर खावा कायतरी, मास्तर." आणि त्यांनी माझ्या चपला माझ्या हातात देऊन मला बाहेर काढलं.

त्या दारातून उपाशी गेलेला मी पहिलाच माणूस. मुखेडच्या गाडीत बसलो तेव्हा पोटात कावळे ओरडत होते आणि माझं हसू काही थांबत नव्हतं.